पाठमोरी खुर्ची

"अहो, खाली बसा! पंच बघतायत."

मी त्यांच्या शर्टाची मागची कड धरून ओढली. तिसऱ्यांदा. हे बसले, म्हणजे खुर्चीला नुसते टेकले आणि लगेच पुन्हा उभे राहिले.

"थांब... थांब... थांब गं... आत्ता!"

मैदानातल्या रोहिणीनं उडी घेतली आणि ती थेट समोरच्या पोरीच्या कुशीत जाऊन पडली. जणू आईनंच हात पसरून बोलावलं होतं. चौघींनी तिला दाबून धरलं. पंचांची शिट्टी वाजली. रोहिणी बाद.

"दरवाजा उघडा होता!" मांडीवर हात आपटून हे माझ्यावरच ओरडले. "एवढा दरवाजा! बैलगाडी गेली असती!"

"मला काय सांगताय? मी बैलगाडी आहे का?"

बाकावर बसलेल्या राखीव मुली खाली माना घालून हसल्या. मला हसू येत नव्हतं. सकाळपासून उन्हात बसून माझं डोकं चढलं होतं, आणि विटा गावाकडचं ऊन काय असतं ते तिथं बसल्याशिवाय कळत नाही.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. आमचे हे, म्हणजे हणमंत शिंगाडे. चढाईला निघाले की पाय जमिनीला लागतच नाहीत असं वाटायचं, म्हणून सगळा जिल्हा त्यांना 'पाकोळी' म्हणायचा. सात वर्षं राज्याच्या संघात खेळले. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझे वडील कौतुकानं सांगत सुटले होते, "जावई पाकोळी आहे." पुढे गुडघा गेला, खेळ सुटला, साखर कारखान्यातली नोकरी तेवढी राहिली. मग आमच्या मंडळानं मुलींचा कबड्डी संघ काढला आणि हार घालून, फटाके लावून ह्यांना मुख्य प्रशिक्षक केलं. एवढा मोठा खेळाडू, शिकवणारही मोठंच, यात कुणाला शंका नव्हती. मलाही नव्हती.

पहिल्या वर्षी पोरी पहिल्याच सामन्यात हरून घरी आल्या. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी स्पर्धेच्या आधी मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब आमच्या घरी चहाला आले. बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "हणमंतराव, तुमचा मान आहेच. तो कुठं जात नाही. पण या खेपेला पोरी पहिल्या चारात आल्या नाहीत, तर दुसरा माणूस बघावा लागंल. तुम्ही आपले उद्घाटनाला या."

ते 'उद्घाटनाला या' ह्यांना इतकं लागलं, की दोन दिवस माणूस धड जेवला नाही. पन्नाशीला आलेला गडी, अंगणात खुर्ची टाकून बसायचा आणि दुखऱ्या गुडघ्यावरून हात फिरवायचा. आता खेळता येत नाही आणि शिकवू देणार नाहीत, तर हा माणूस दिवसभर करणार काय, या विचारानं मलाही रात्री झोप नव्हती.

पण म्हणून मला त्या मैदानावर आणून बसवायचं काही कारण नव्हतं! मुलींच्या संघाबरोबर एक बाईमाणूस व्यवस्थापक म्हणून लागतं. अंगणवाडीच्या बाई नेहमी जायच्या, त्यांच्या सुनेचे दिवस भरले. ह्यांनी मला न विचारता अर्जावर माझं नाव लिहून टाकलं. आणि नेमका आठवडा कोणता? आमच्या दत्तमंदिरात मोरेश्वरबुवांच्या कीर्तनांचा! वर्षातून एकदा पाच दिवस बुवा येतात. मी त्यांच्यामागे झांजेला उभी असते, लग्नाआधीपासून. मला ते पाच दिवस म्हणजे वर्षाची दिवाळी. या खेपेला बुवांनी सुदाम्याचं आख्यान पाच दिवसांत मांडायला घेतलं होतं. पहिल्या दिवशी सुदामा पोह्यांची पुरचुंडी घेऊन घरातून निघाला, आणि तो द्वारकेला पोचायच्या आत मला मुलींबरोबर टेम्पोत बसावं लागलं.

खोटं कशाला बोलू? साखळीतले दोन सामने पोरींनी कसेबसे जिंकले तेव्हा माझ्या मनात आलं होतं, एकदाच्या हरल्या तर संध्याकाळपर्यंत गावी पोचू. असं मनात आल्याची नंतर इतकी लाज वाटली, की मैदानातच कान धरून देवाची क्षमा मागितली. बाकावरच्या मुलींना वाटलं, काकूंचा कान दुखतोय.

आता समोर तांबवडीचा संघ होता. हा सामना जिंकला की पहिल्या चारात. हरला की उद्घाटन.

तांबवडीच्या प्रशिक्षक गुरवबाई. शाळेत खेळाच्या तासाला असतात. गोल चेहऱ्याच्या, ठेंगण्या, मांडीवर वही. शाळेपलीकडे कधी कुठं खेळल्या नाहीत, असं त्यांनी मला स्वतःच सकाळी पाण्याच्या पिंपाशी सांगितलं होतं. पेला भरून मला देत म्हणाल्या, "तुमच्या सरांचा आवाज फार छान आहे हो. कालचे दोन्ही सामने मी नुसता आवाज ऐकत बसले होते."

मला बरं वाटलं. म्हटलं, नवऱ्याचं कौतुक कुठं होईल सांगता येत नाही. "घरी सुद्धा एवढाच असतो," मी म्हटलं. बाई हसल्या.

मध्यंतराला आम्ही अकरा, त्या सतरा.

मुली मांडवामागच्या सावलीत गोल करून बसल्या. हे मधोमध उभे राहिले. "रोहिणे, तुला दिसत नाही का? उजव्या कोपऱ्यातल्या पोरीचा पाय मागं गेला, की तिच्या आणि शेजारणीच्या मध्ये फट पडते. दिसत नाही?"

"नाही सर."

"अगं, दिसतंच की! हे बघ." आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी स्वतः उडी मारून दाखवली. पन्नाशीतही ती उडी बघण्यासारखी होती, ते कबूल करते. "असं! आता दिसलं?"

"तुम्ही केलेलं दिसलं सर."

"मग तसं कर की!"

रोहिणी सुताराची पोर. सतरा वर्षांची, काटकुळी, पण पायात वारा. ती माझ्याकडे आली आणि पाणी पिता पिता हळूच म्हणाली, "काकू, सरांना जे दिसतं ते मला खरंच दिसत नाही. ते ओरडले की मी डोळे मिटून उडी मारते."

संघाची कप्तान अस्मा मुलाणी शेजारीच गुडघ्याची पट्टी आवळत होती. मोठी फटकळ पोर. म्हणाली, "तू डोळे मिटतीस आणि त्या उघडे ठेवतात. म्हणून सापडतीस."

मी अस्माकडे बघितलं. त्या बोलण्यानं मला काहीतरी टोचलं, पण काय ते कळेना. मग मी डोळे मिटले आणि पहिल्या डावातल्या चढाया आठवायला लागले. बघितलेल्या नाही, ऐकलेल्या. तीस वर्षं झांजेला उभं राहून माझे कानच आधी बघतात. बुवा पद उचलतात, पेटी मागनं येते, मग तबला, मग आमची झांज. या क्रमात कुणी अर्धा श्वास इकडेतिकडे झालं की मला आधी कळतं.

आणि इथला क्रम काय होता? ह्यांचं 'आत्ता'. मग मातीवर धप्प पाय. मग रोहिणीची उडी.

तो मधला धप्प कुणाचा?

"अहो," मी ह्यांना बाजूला घेतलं. "त्या पोरी रोहिणीकडे बघतच नाहीत. तुमचं ऐकतायत."

"कोण?"

"तांबवडीच्या. तुम्ही 'आत्ता' म्हटलं की त्यांची कोपऱ्यातली पोर आधी हलते, रोहिणी नंतर. तुम्ही फट दाखवता, ती बुजवून टाकतात."

हे माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू मी देवळात चपला घालून गेले होते. "तू? तू मला कबड्डी शिकवणार? बावीस वर्षांत एक सामना धड बघितलायस का? मी चढाईला गेलो की डोळे मिटून स्तोत्र म्हणायचीस."

"म्हणून तर ऐकायला शिकले! दुसऱ्या डावात एकदाच, फक्त एकदाच, रोहिणीकडे न बघता त्या कोपऱ्यातल्या पोरीकडे बघा. माझं खोटं निघालं तर मी सामना संपेपर्यंत तोंड उघडणार नाही."

"ते तर फार बरं होईल," म्हणून हे मैदानाकडे गेले.

दुसरा डाव सुरू झाला. रोहिणी मध्यरेषा ओलांडून गेली. 'कबड्डी कबड्डी' सुरू झालं. हे खुर्चीतून उठले. "थांब... थांब..." मी त्यांची हनुवटी धरली आणि सरळ तांबवडीच्या उजव्या कोपऱ्याकडे फिरवली. चारचौघांत. माझं मलाच नवल वाटलं.

"आत्ता!"

लाल रिबिनीची ती पोर दोन पावलं पुढे आली. रोहिणी तेव्हा अजून गुडघे वाकवत होती. पुढचं बघायची गरजच नव्हती. शिट्टी वाजली.

हे हळूच खुर्चीत बसले. चेहरा पडला होता. तिकडे गुरवबाई मांडीवरच्या वहीत काहीतरी टिपत होत्या. एवढ्या वेळात त्यांनी एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

"तीन वर्षं..." हे म्हणाले.

"आता गप्प बसा म्हणजे झालं," मी म्हटलं.

पण गप्प बसणं म्हणजे काय सोपं होतं? पुढच्या चढाईला ह्यांनी ओठ दाबून धरले. दोन्ही हातांनी खुर्ची धरली. मान लाल झाली. आणि वेळ आली तशी ती आरोळी बाहेर पडलीच! त्यांनी मारली असं नाही म्हणता येणार, शिंकेसारखी आली. अजून एक गुण गेला. मी माझा घाम पुसायचा टॉवेल त्यांच्या हातात दिला. "तोंडात धरा."

"वेडी आहेस का?"

"धरा म्हणते ना!"

टॉवेलातूनही 'आत्ता' ऐकू आलं. थोडं बोबडं, पण आलं.

अस्मानं पंचांकडे विश्रांती मागितली. तीस सेकंद. मुली धावत आल्या. अस्मा म्हणाली, "सर, ओरडायचंच असेल तर खोटं ओरडा. फट नसताना ओरडा. त्या हलतील, मग रोहिणी दुसरीकडनं जाईल."

"शाब्बास!" मी म्हटलं. बुवांच्या कीर्तनाला दाद द्यावी तशी.

ह्यांनीही मान हलवली. पण पुढच्या चढाईला जे झालं त्यानं मी कपाळावर हात मारून घेतला. खोटं 'आत्ता' म्हणायला तोंड उघडलं, घशातून आवाजच निघेना. आणि खरी फट पडली तशी बरोब्बर त्या क्षणी खणखणीत आरोळी! कबड्डीबद्दल या माणसाला खोटं बोलताच येत नव्हतं. इतर बाबतीत येत होतं. कीर्तनाला जायला टेम्पो लवकर परत आणतो म्हणून माझ्याशी सरळ खोटं बोलले होते.

मी चिडून काहीतरी बोलणार, तोच ते उठले. मला वाटलं, पुन्हा ओरडणार. त्यांनी खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि मैदानाकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून बसले.

बाजूचे पंच लगबगीनं आले. "सर, काय झालं? बरं वाटत नाही का?"

"मान आखडलीय."

"मग अशी उलटी खुर्ची?"

"उलटीच आखडलीय," हे म्हणाले. पंच गेले बिचारे.

मांडवातली माणसं बोटं दाखवून हसायला लागली. कुणीतरी मागून ओरडलं, "पाकोळी रुसली रं!" मला रडू फुटायचं बाकी होतं. ह्यांनी मात्र मान वळवली नाही. गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"सांग," म्हणाले.

"काय सांगू?"

"काय चाललंय ते सांग. कोण कुठं आहे?"

"ती गेली. आपली रोहिणी. त्या सगळ्या हात धरून उभ्यात. ती उंच पोर जरा पुढे आलीय—"

"उंच म्हणजे कोण? डावी का उजवी?"

"मला काय माहीत? नाकात चमकी आहे तिच्या!"

"चमकी? अगं बाई, कोपरा सांग, कोपरा!"

"तुमच्या पाठीमागचा!"

"सगळंच माझ्या पाठीमागं आहे!"

पण तेवढ्यात टाळ्या पडल्या, आणि रोहिणी धावत मध्यरेषेवर परत आलेली मला दिसली. "शिवून आली," मी म्हटलं. "कुणाला ते विचारू नका."

त्यांनी विचारलं नाही. पुढच्या वेळीही नाही. आवाज थांबला तसं समोरच्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. लाल रिबीनवाली तर दोनदा वळून आमच्या खुर्चीकडे बघत राहिली आणि तेवढ्यात रोहिणीनं तिच्या हाताला बोट लावलं. इकडे अस्मानं दोन पकडी केल्या. सहाचा फरक वाढून नऊ झाला होता. तो पाच झाला, मग तीन झाला. मी सांगत होते, हे ऐकत होते. मग कधीतरी माझ्या लक्षात आलं, की हे माझं ऐकतच नाहीत. मान किंचित कललेली, डोळे मिटलेले. देवळात खांबाला टेकून बसलेला माणूस ऐकतो तसे.

"गप्प," मला म्हणाले. "तिचा दम ऐक."

रोहिणी चढाईला होती. 'कबड्डी कबड्डी कबड्डी.' मी ऐकलं.

"बारीक होतोय," हे म्हणाले. "मध्येच आवाज बारीक होतो बघ. आत ओढला जातोय. भ्यायलीय ती."

"हो."

"हो काय? कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. घरी येऊन मला कितीदा सांगून गेलीय."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, भ्यायचं काय त्यात."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, पण मी दिसत होते असं वाटलं नाही. "मला कधी भीतीच वाटली नाही गं," ते म्हणाले. त्यात बढाई नव्हती. एखाद्या माणसानं, मला एक कान ऐकू येत नाही, असं सांगावं तसं सांगितलं.

शेवटची चढाई. त्या सत्तावीस, आम्ही सव्वीस. रोहिणी गेली. माझे हात आपोआप जोडले गेले. हे तसेच बसले होते, पाठ करून. सगळा मांडव उभा होता आणि एक माणूस मैदानाकडे पाठ करून खुर्चीत.

रोहिणीचा आवाज बारीक झाला. आणखी बारीक. मला वाटलं, संपलं. ह्यांचे ओठ हलले. मी टॉवेल उचलला. पण ते ओरडले नाहीत. मान खाली घातली आणि माझा हात घट्ट धरला. इतका, की बांगडी रुतली.

रोहिणी मागे सरली. एक पाऊल, दोन पावलं. समोरच्या पोरींना वाटलं, भिऊन परत चालली. लाल रिबीनवाली झेपावली, तिच्यामागे चमकीवालीही. रोहिणी तिथंच खाली बसली, दोघींच्या पायांना हात लावला आणि त्यांच्या हातांखालून सुटून रेषेवर जाऊन पडली.

दोन गुण.

मला काही सांगावं लागलं नाही. पोरींनी येऊन ह्यांना खुर्चीसकट हलवलं तेव्हा कुठं ते वळले.

गुरवबाई येऊन ह्यांच्याशी चार शब्द बोलल्या. "सर, दुसऱ्या डावात आवाज बंदच झाला."

"तुमचीच कृपा, बाई," हे म्हणाले, आणि त्यांना वाकून नमस्कार केला. आमच्या ह्यांनी पंचांनाही कधी एवढं वाकून केलेला मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरीत आम्ही सपशेल हरलो. पण पहिल्या चारात आलो होतो. बापूसाहेबांनी शब्द पाळला, आणि त्यानंतर नऊ वर्षं हेच मुलींचे मुख्य प्रशिक्षक राहिले. मोठा खेळाडू चांगला प्रशिक्षक होतो का, असं मला लोक विचारतात. मी त्यांना ती संध्याकाळ सांगते.

तांबवडीला हरवलं त्या दिवशी पोरी शाळेच्या ओट्यावर पिठलं-भाकरी खात होत्या. हे ताट घेऊन आले आणि रोहिणीसमोर खाली बसले. गुडघा वाकत नाही, म्हणून एक पाय लांब पसरून. पोर घाबरून उठायला लागली.

"बस. एक विचारायचंय. शेवटी तू मागं का सरलीस?"

"चुकलं का सर?"

"मी असतो तर पुढं गेलो असतो. फट होती तिथं. मला न बघता कळली. तू का नाही गेलीस?"

रोहिणीनं अस्माकडे बघितलं. अस्मा म्हणाली, "सांग की. खात नाहीत ते."

"भीती वाटली की मला त्यांचे हात दिसत नाहीत, सर," रोहिणी खाली बघत म्हणाली. "नुसते पाय दिसतात. मग मी पाय बघते. माणूस पकडायला येणार असला की आधी टाच उचलतो. मी मागं सरले की त्यांच्या टाचा उचलतात."

"टाचा?"

"हो सर."

"हे मला माहीत नव्हतं," हे म्हणाले. त्यांच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला होता. पिठलं गार होत होतं. मी वाढायला वाकले, तर मला हातानंच थांबवलं.

"आणि दोघींच्या टाचा एकदम उचलल्या तर?" त्यांनी तिला विचारलं.